कावेरीवरची धरणं आणि तंजावरचं भातपीक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कावेरीच्या पाण्याची बातमी मराठी वाचकापर्यंत पोचते ती बंद, मोर्चा किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापुरती. पाणी पंधरा दिवस उशिरा आलं तर खाचरात नेमकं काय बिघडतं, हे त्या बातमीत नसतं. मी पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातला आहे. त्यामुळे तमिळनाडूतल्या तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणमच्या शेतकऱ्याची घालमेल मला परकी वाटत नाही. या विषयावर लोक जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नदीवर वरच्या अंगाला धरण झालं की खालच्या भातशेतीचं काय बदलतं?

पाण्याचं प्रमाण बदलतं, पाणी येण्याची वेळ बदलते, पाण्याबरोबर येणारा गाळ अडतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटणारा नदीचा ओघ मंदावतो. भांडण बहुतेक वेळा प्रमाणावरून होतं. माझ्या मते भातासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट वेळेची आहे. धरण नसलेल्या नदीला पाऊस पडला की पाणी येतं. धरण झालं की ते पाणी कोणत्या आठवड्यात खाली उतरणार हे माणसं ठरवतात, आणि ठरवणारी माणसं सहसा खालच्या गावची नसतात.

कावेरीवर नेमकी कोणती धरणं आहेत?

कावेरी कोडगूमध्ये तलकावेरीला उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कर्नाटकात तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर चार मोठे जलाशय आहेत : कृष्णराजसागर, कबिनी, हेमावती आणि हारंगी. कृष्णराजसागराची साठवण सुमारे ४९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. तमिळनाडूत शिरल्यावर मेट्टूर लागतं. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाची पूर्ण पातळी १२० फूट आणि साठवण ९३.४७ टीएमसी आहे. डेल्टा, म्हणजे तंजावरच्या बाजूचा त्रिभुज प्रदेश, मेट्टूरच्या पाण्यावर जगतो आणि मेट्टूर कर्नाटकातून येणाऱ्या पाण्यावर.

मेट्टूरच्या खाली तिरुचिरापल्लीजवळ मुक्कोंबुला नदीचे दोन फाटे होतात, कावेरी आणि कोळ्ळिडम. पुढे कल्लणै हा चोळ राजा करिकालाच्या नावानं ओळखला जाणारा प्राचीन बंधारा आहे. तिथून कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अ‍ॅनिकट कालव्यात पाणी वाटलं जातं. कोळ्ळिडम मुख्यतः जादा पाणी समुद्राकडे नेण्याचं काम करते.

टीएमसी आणि क्युसेक यांचा हिशेब कसा लावायचा?

टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिले की एक टीएमसी होतो. बातमीत ‘पंधरा दिवस ५,००० क्युसेक सोडण्याचा आदेश’ असं वाचलं की लगेच गुणाकार करावा : जेमतेम साडेसहा टीएमसी. मेट्टूरच्या साठवणीचा हा चौदावा हिस्साही नाही. आदेश मोठा वाटतो, पाणी तेवढं नसतं.

भाताच्या बाबतीत तारखेला एवढं महत्त्व का?

कारण भाताचं पीक थांबून राहत नाही.

डेल्टात तीन हंगाम आहेत. कुरुवै हा जूनमध्ये सुरू होणारा, १०५ ते ११५ दिवसांच्या हळव्या जातींचा. सांबा हा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होऊन जानेवारीत कापणीला येणारा, गरव्या जातींचा मुख्य हंगाम. आणि कुरुवै काढल्यावर त्याच रानात घेतात ती ताळडी.

आधी कुरुवैकडे बघा. हळव्या जातीचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीला येतं. रोपवाटिका बोअरच्या पाण्यावर तयार करता येते, पण चिखलणीला पाणी लागतं ते फार मोठं. रान भिजवून चिखल करायचा तर एकरी आठ लाख लिटरच्या आसपास. कालव्याला पाणी नसेल तर रोप वाफ्यातच उभं राहतं. आठवडा गेला, दोन गेले. रोप उंच होतं, मुळं एकमेकांत गुंततात, उपटताना तुटतात. जात जेवढी हळवी तेवढं रोप लवकर जून होतं. असं जून रोप लावलं तर ते शेतात फुटवे धरत नाही, त्याची पोटरी धरायची वेळ जवळ आलेली असते. चुडात दोन-चारच लोंब्या येतात. पुढे पाणी कितीही मिळो, गेलेले फुटवे परत येत नाहीत.

दुसरी नाजूक वेळ पोटरी ते फुलोरा. त्या दिवसांत जमिनीला भेगा पडल्या तर लोंबी बाहेर येते, पण दाणा भरत नाही, पळंज राहते. शेत लांबून हिरवंगार, चांगलं दिसतं. लोंबी हातात घेऊन चिमटीत दाबली की कळतं, आत काही नाही.

आणि तिसरी गोष्ट पावसाची, जी महाराष्ट्रातल्या वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. कर्नाटकातली धरणं नैर्ऋत्य मोसमी पावसानं, म्हणजे जून ते सप्टेंबरात भरतात. डेल्टाला मुख्य पाऊस मिळतो तो ईशान्य मोसमी, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे वर पाऊस पडतो तेव्हा खाली पेरणीला नदीचं पाणी हवं असतं, आणि खाली पाऊस पडतो तेव्हा पीक त्याला तोंड द्यायला पुरेसं मोठं झालेलं हवं असतं. कुरुवै उशिरा लावली की कापणी ऑक्टोबरच्या पावसात सापडते. सांबा उशिरा लावला की नोव्हेंबरच्या मुसळधार पावसात वीतभर रोपं पाण्याखाली जातात. ऑगस्टमध्ये न मिळालेल्या पाण्याचं नुकसान असं नोव्हेंबरच्या पुरात दिसतं. पंचनाम्यात त्याची नोंद ‘अतिवृष्टी’ अशी होते, मूळ कारण मात्र धरणाच्या दारापाशी असतं.

१२ जून या तारखेचं काय आहे?

मेट्टूरचे दरवाजे डेल्टासाठी उघडण्याची ही ठरलेली तारीख आहे. बंद करण्याची २८ जानेवारी. पाणी कल्लणैला पोचायला साधारण तीन-चार दिवस लागतात, तिथून समुद्राकडच्या शेवटच्या गावांना आणखी बरेच दिवस. मुख्यमंत्री कळ दाबून पाणी सोडतात, फुलं वाहतात, तो सोहळाच असतो. पण धरणात पुरेसा साठा नसेल तर तारीख हुकते, आणि अशी वर्षं अनेक झाली आहेत. २०२२ साली उलट झालं. पाऊस लवकर आला आणि २४ मेलाच दरवाजे उघडले. २०२४ मध्ये मात्र उघडले ते २८ जुलैला.

वर्षाचा ठरलेला वाटा पूर्ण मिळाला तरी शेतकरी नुकसान झालं म्हणतात, हे कसं?

२०२४ हेच उत्तर आहे. जून आणि जवळजवळ पूर्ण जुलै मेट्टूर बंद होतं. ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांची कुरुवै गेली. मग कोडगू आणि वायनाडकडे प्रचंड पाऊस झाला, कर्नाटकातली धरणं भरली आणि ३० जुलैला मेट्टूर पूर्ण १२० फुटांवर पोचलं. ऑगस्टच्या सुरुवातीला लाखाहून जास्त क्युसेक पाणी खाली येत होतं आणि त्यातलं बहुतेक कोळ्ळिडममधून समुद्राला जात होतं. महिनाभरापूर्वी चिखलणीला पाणी नव्हतं, आता नदीकाठी सावधगिरीचे इशारे. वर्षाच्या बेरजेत हे सगळं पाणी जमा धरलं जातं. पण समुद्रात गेलेल्या पाण्यानं जुलैची लावणी होत नाही.

म्हणून वार्षिक आकडा बघून निकाल देऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात कर्नाटकानं बिळिगुंड्लु या सीमेवरच्या मोजणी केंद्रावर वर्षाला १७७.२५ टीएमसी द्यावं असं ठरवलं. त्याचं महिनावार वेळापत्रकही आहे : जूनमध्ये ९.१९, जुलैत ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५, सप्टेंबरात ३६.७६. या चार महिन्यांची बेरीज १२३ टीएमसीच्या वर जाते, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. भातासाठी खरा निकाल या चार ओळींत आहे.

२०२३ साली एवढा तंटा का पेटला?

त्या वर्षी मेट्टूर १२ जूनला वेळेवर उघडलं, कुरुवै जोमात लागली. मग ऑगस्ट कोरडा गेला. कर्नाटकातले जलाशय भरले नाहीत. कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणानं ऑगस्टअखेर रोज ५,००० क्युसेक सोडायला सांगितलं, त्याची मुदत पुढे वाढवत नेली, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २६ सप्टेंबरला बंगळूर बंद, २९ ला कर्नाटक बंद झाला. एरवी जानेवारीअखेर बंद होणारं मेट्टूरचं सिंचनाचं पाणी ऑक्टोबरातच थांबवावं लागलं. सांबा पेरायचा की रान पडीक ठेवायचं, हा प्रश्न घेऊन डेल्टातले शेतकरी ईशान्य मोसमी पावसाच्या भरवशावर राहिले.

मग चूक कर्नाटकाची म्हणायची का?

मी तसं म्हणणार नाही. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातला शेतकरीही भात आणि ऊसच लावतो आणि कृष्णराजसागराच्या कालव्याकडे त्याच आशेनं बघतो. बंगळूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः कावेरीतून, सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून येतं. १८९२ आणि १९२४ चे करार मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यात झाले, त्यात म्हैसूरवर अन्याय झाला ही कर्नाटकाची जुनी तक्रार आहे आणि ती पूर्णपणे निराधार नाही. तमिळनाडूचं म्हणणं असं की आमचा डेल्टा शतकानुशतकं या पाण्यावर पिकतो आहे, वापराचा हक्क आधी आमचा.

१९९० साली लवाद नेमला गेला. त्यानं २००७ मध्ये खोऱ्यातलं ७४० टीएमसी पाणी वाटून दिलं : तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७. २०१८ च्या निकालानं कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीनं वाढवला, त्यातले ४.७५ बंगळूरच्या पिण्यासाठी. चांगल्या पावसाच्या वर्षी या वाटणीवरून फारसं काही बिघडत नाही. अडचण तुटीच्या वर्षाची आहे. तूट प्रमाणात वाटून घ्यावी हे तत्त्व मान्य आहे, पण ते कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या हिशेबानं लावायचं यावर दोन्ही राज्यांचं एकमत नाही. त्यामुळे प्रत्येक कोरड्या ऑगस्टमध्ये बैठक, आदेश, याचिका असं चक्र सुरू होतं, आणि तोवर रोप वाफ्यात जून होत असतं. मला राग येतो तो या दिरंगाईचा.

सगळ्यांत जास्त फटका कोणाला बसतो?

कालव्याच्या शेपटाला असलेल्या गावांना : नागपट्टिणम, तिरुवारूर, मयिलाडुतुरै आणि पुदुच्चेरीचा कारैकाल भाग. पाणी कमी सोडलं की आधी वरची गावं घेतात. चाऱ्यांत गाळ, गवत, जलपर्णी साचलेली असली तर शेवटपर्यंत धार पोचतच नाही. पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

तंजावरच्या वरच्या भागात नदीचं पाणी आलं नाही तर बोअर चालू करता येते, तमिळनाडूत शेतीपंपाला वीज मोफत आहे. किनाऱ्याकडे बोअरला खारं पाणी लागतं. ज्याला नदीचं पाणी सर्वांत शेवटी मिळतं त्याच्याकडेच दुसरा उपाय नाही.

यात खंडकरी शेतकरी आणि शेतमजूरही धरा. पीक गेलं की भरपाई बहुधा सातबारासारख्या कागदावर नाव असलेल्याला मिळते. लावणीच बुडाली तर लावणी करणाऱ्या बायांच्या बुडालेल्या रोजंदारीची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

उशिरा आलेलं पीक विकताना काय होतं?

सरकारी खरेदी केंद्रावर धानाच्या ओलाव्याची मर्यादा साधारण १७ टक्के असते. कापणी पावसात सापडली की धान त्याहून ओलं राहतं. मग केंद्राबाहेरच्या रस्त्यावर धान पसरलेलं दिसतं. ऊन पडलं की ताडपत्री काढायची, पायानं धान उलथत राहायचं, ढग आले की पुन्हा झाकायचं. मूठभर दाणे यंत्रात घालतात, काट्यावर १९ किंवा २० दिसलं की परत वाळवायला. ढिगाच्या कडेच्या दाण्यांना तोवर मोड आलेले असतात. तमिळनाडू सरकारनं केंद्राकडे ही मर्यादा २२ टक्क्यांपर्यंत वाढवून अनेकदा मागितली आहे. भंडारा-गोंदियाच्या केंद्रांवर अवकाळी पावसात हेच चित्र असतं.

गाळ अडल्यानं काय फरक पडतो?

डेल्टाची जमीन नदीनं आणलेल्या गाळानं बनली आहे. धरणात पाणी थांबतं तिथे गाळ खाली बसतो आणि पुढे निवळ पाणी जातं. दर पुरात मिळणारी नवी माती कमी झाली की खताचा खर्च वाढतो आणि किनाऱ्याची झीज भरून निघत नाही. वर त्यात वाळूउपशाची भर. पात्र खोल गेलं, पण कालव्यांची तोंडं होती त्याच उंचीवर राहिली, त्यामुळे नदीत पाणी दिसत असूनही कमी प्रवाहात ते कालव्यात चढत नाही.

खाऱ्या पाण्याचा संबंध धरणाशी कसा?

नदीचा गोडा ओघ समुद्राला मागे रेटतो आणि जमिनीखालचं गोडं पाणी भरत राहतो. ओघ मंदावला की भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत सरकतं. वरून बोअरनं उपसा वाढला की जमिनीखालूनही खारं पाणी आत येतं. हा सगळा दोष धरणांवर टाकता येणार नाही. किनाऱ्यावरची कोळंबीची तळी आणि बेसुमार उपसा यांचाही त्यात वाटा आहे, आणि २००४ च्या त्सुनामीनं नागपट्टिणमची कितीतरी शेतं एका सकाळीत खारी केली. अशी जमीन पुन्हा पिकाऊ करायची तर भरपूर गोडं पाणी शेतात साठवून मीठ धुवून काढावं लागतं. त्यासाठी पुन्हा नदीच हवी.

धरणामुळे पूर तरी थांबतो ना?

छोटे पूर थांबतात. धरण आधीच भरलेलं असताना मोठा पाऊस आला तर आलेलं पाणी तसंच खाली सोडावं लागतं. ऑगस्ट २०१८ मध्ये अशाच विसर्गात मुक्कोंबुच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले.

धरणं नव्हती तेव्हा सगळं सुरळीत होतं का?

नाही. तेव्हा पूर आणि दुष्काळ दोन्ही थेट शेतात येत. मेट्टूर झाल्यावर डेल्टात दुबार भाताला मोठा आधार मिळाला, हे मान्य केलंच पाहिजे.

वरच्या पाण्यावरून भांडणंही नवी नाहीत, आणि यात एक मराठी धागा आहे. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. इतिहासकार सांगतात की १७०० च्या आसपास म्हैसूरच्या चिक्कदेवराजानं कावेरी अडवली, तेव्हा मदुरैची राणी मंगम्मा आणि तंजावरचे शहाजीराजे म्हैसूरविरुद्ध एकत्र आले. लढाई होण्याआधी पावसानंच तो बांध फोडला. पुढे इंग्रजी अमलात कोळ्ळिडम जास्त पाणी ओढू लागली आणि कावेरी गाळानं भरू लागली, म्हणून आर्थर कॉटननं १८३६ मध्ये मुक्कोंबुला बंधारा घातला. तंजावरच्या मराठी घरांतली शेती याच कालव्यांवर झाली आहे.

शेतकरी यातून काय मार्ग काढतात?

पाणी उशिरा येणार असं दिसलं की काही जण रोप न टाकता थेट पेरणी करतात. चिखलणीचं पाणी वाचतं, पण तण फार माजतं. काही जण कुरुवै सोडून एकच सांबा घेतात. १९२२ साली स्थापन झालेल्या आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रानं हळव्या जाती दिल्या आहेत, एडीटी ४३ त्यातलीच. पाण्याखाली काही दिवस तग धरणारी सीआर १००९ सब-१ सांब्यासाठी वापरतात. पाळीपाळीनं शेत भिजवणं आणि सुकू देणं हाही चांगला उपाय आहे. पण त्यासाठी पाणी हवं तेव्हा मिळेल ही खात्री लागते. कालव्याला पुढचं पाणी कधी येईल हेच माहीत नसेल तर मिळेल तेवढं भरून ठेवण्यातच शहाणपण वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्या उतेऱ्यासारखीच आहे. सांबा कापण्याआधी आठ-दहा दिवस उभ्या धानात उडीद-मूग फेकतात, जसे आपण लाखोळी आणि जवस टाकतो. जमिनीतल्या ओलीवर ते पीक निघतं. सांबा लांबला की ही ओल आणि थंडी दोन्ही हातची जातात. म्हणजे जूनमधल्या उशिराची किंमत फेब्रुवारीतल्या डाळीलाही मोजावी लागते.

मेकेदाटू प्रकल्पानं परिस्थिती सुधारेल की बिघडेल?

कर्नाटकाला तमिळनाडूच्या सीमेअलीकडे सुमारे ६७ टीएमसीचा समतोल जलाशय बांधायचा आहे, बंगळूरचं पिण्याचं पाणी आणि ४०० मेगावॉट वीज यांसाठी. तमिळनाडूचा विरोध आहे, कारण कृष्णराजसागर आणि कबिनीच्या खाली मोकळेपणानं येणारं पाणीही मग अडवता येईल. पुराचं पाणी साठवून जूनमध्ये सोडलं तर डेल्टाचा फायदा होऊ शकतो, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण चावी कोणाच्या हातात आणि जूनमध्ये किती सोडायचं हे आधी बांधून घेतल्याशिवाय डेल्टातला शेतकरी त्यावर विश्वास का ठेवेल?

महाराष्ट्रातल्या धानपट्ट्याला यातून काय घेता येईल?

वैनगंगा बघा. मध्य प्रदेशात संजय सरोवर, खाली पवनीजवळ गोसेखुर्द, त्याच्या खाली चंद्रपूर-गडचिरोलीची धानाची गावं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरून पाणी आलं, गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत रोवणी झालेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. आपला प्रश्न तुटीपेक्षा अचानक सोडलेल्या पाण्याचा आहे, पण गाठ तीच : दोन राज्यं, एक नदी आणि वेळेवर न मिळालेली माहिती. किती क्युसेक सुटणार हे खालच्या गावाला आदल्या दिवशी कळलं तर मोटारी, बैलजोडी, कापलेलं धान हलवता येतं.

रोजची परिस्थिती कळून घ्यायची तर कोणते आकडे बघावेत?

तीन पुरेत : मेट्टूरची पातळी, मेट्टूरमध्ये येणारं पाणी आणि बिळिगुंड्लुची मोजणी. ती मोजणी केंद्रीय जल आयोग करतो. मेच्या अखेरीला मेट्टूर ९० फुटांच्या वर असेल तर १२ जूनची आशा धरायला हरकत नाही. त्याहून बरंच खाली असेल तर कोडगूच्या पावसाच्या बातम्या रोज वाचायला लागा. डेल्टातले शेतकरीही त्या दिवसांत तेच करत असतात.